मोटारीचा संगणक : बदलण्यापूर्वी समजून घ्या

आमच्या वसाहतीतील एका बंधूंची भाड्याने चालणारी मोटार दोन वर्षांपूर्वी एकाएकी बंद पडली. गॅरेजवाल्याने निदान केले, "कॉम्प्युटर गेला, नवा घालावा लागेल." गाडीचे हप्ते अजून फिटायचे होते. नव्या कर्जाची चौकशी करायला ते बँकेत आमच्या टेबलापाशी आले. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. तरीही अर्ज भरण्याआधी त्यांना एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेले. दोष निघाला अर्थिंगच्या गंजलेल्या वायरीत! त्या निमित्ताने आम्ही जे समजून घेतले, ते येथे थोडक्यात मांडीत आहोत.

पूर्वी पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. २००० सालापासून आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि ते काम संगणकाकडे आले. पेट्रोल पूर्ण जळण्यास १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा, क्रँकची गती व धुरातील ऑक्सिजन यांची खबर सेन्सर देतात. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे संगणक ठरवतो.

मग दोष नेमका कोठे, हे कसे ओळखावे? प्रथम बॅटरी, फ्यूज, रिले व अर्थिंग तपासावे. संगणकाला १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो का, ते मीटर लावून पाहावे. अनेक सेन्सरना संगणकच ५ व्होल्ट पुरवतो. त्यांपैकी एक जरी शॉर्ट झाला, तरी तो पुरवठा कोसळून सगळा संगणकच मेल्यासारखा वाटतो. म्हणून सेन्सरचे प्लग एकेक काढून पाहावेत. स्कॅनरवरील कोड केवळ दिशा दाखवतो, तो अंतिम निकाल नव्हे.

एवढे करूनही संगणकच बिघडलेला ठरला, तर त्यावरील क्रमांक जुळणाराच नग घ्यावा. बाहेरून सारखा दिसला तरी आतील प्रोग्रॅम वेगळा असू शकतो. काम करताना बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. ज्या गाड्यांत इमोबिलायझर असतो, त्यांत किल्लीची ओळख नव्या संगणकाशी जुळवावी लागते. नाहीतर इंजिन सुरू होत नाही. ती जुळवणी धरूनच दर ठरवावा. ज्या कारणाने पहिला संगणक जळला ते कारण आधी दूर करावे, नाहीतर नवाही जळेल. जुना नग मागून घ्यावा. कधी कधी तो दुरुस्त होतो.

विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी एक वायर घासून साफ केली आणि एका कुटुंबावरचे नवे कर्ज टळले. तेव्हा कोणी "कॉम्प्युटर गेला" म्हणाले, तर नम्रपणे एवढेच विचारा, "कशावरून?"