गाडीची बॅटरी : उतरू कशी देऊ नये, आणि उतरलीच तर काय करावे



खता-बियाण्याची माहिती देणारा माणूस मोटारसायकलच्या बॅटरीवर काय सांगणार, असे तुम्हाला वाटेल. पण गेल्या रब्बीत लोहा तालुक्यातल्या एका गावी जे घडले ते ऐकल्यापासून हा विषय घ्यायचाच असे मी ठरवले होते. हरभऱ्याला रात्रीची लाईट होती. तुषारचे पाईप बदलायला गेलेल्या तरुणाला बांधावर साप चावला. भावाने आखाड्यावरची गाडी काढली, बटण दाबले, तर आतून नुसते टक-टक-टक. गाडी नवी, तिला किक नाही. धक्का मारून पाहिला, तरी चालू होईना. शेवटी पलीकडच्या आखाड्यावरच्या शेजाऱ्याला उठवले आणि त्याच्या गाडीवर दवाखाना गाठला. पोरगा वाचला. मधला पाऊण तास कसा गेला ते त्या घरालाच ठाऊक. बॅटरी का उतरली होती? रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची बॅटरी खराब झाली, म्हणून तीन रात्री गाडीची बॅटरी तिला जोडली होती. चौथ्या दिवशी ती तशीच गाडीत बसवून टाकली.

यात त्या घराने जगावेगळे काही केले नाही. आपल्याकडे हे घरोघर चालते. म्हणून आधी बॅटरीच्या पोटात काय असते ते थोडक्यात पाहू.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यात सहा खण असतात, आणि भरलेल्या प्रत्येक खणाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट. सहा खणांचे मिळून १२.६ व्होल्ट होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. प्रत्येक खणात शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे पातळ आम्ल. शिसे-आम्लाची ही बॅटरी गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. वीज काढली की आम्लातला गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो व आम्ल पाणचट होते. चार्जिंग केले की तो अंश पट्ट्यांवरून सुटून परत आम्लात येतो.

खरी मेख इथे आहे. उतरलेली बॅटरी लगेच चार्ज केली तर तो थर सहज सुटतो. आठ-पंधरा दिवस तशीच ठेवली तर त्याचे टणक खडे बनतात. आपल्या काळ्या रानातले ढेकूळ आठवा. ओल असताना हाताने फुटते, मे महिन्यात त्यालाच कुऱ्हाडीचा तुंबा घालावा लागतो. तसेच हे. मग चार्जर कितीही वेळ लावा, बॅटरी भरल्यासारखी दिसते आणि दोन बटणांत बसते. बॅटऱ्या वापरून मरतात त्यापेक्षा रिकाम्या पडून जास्त मरतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणून ज्यांची गाडी महिनोन् महिने उभी राहते त्यांनी विशेष जपावे. कंधार-मुखेड भागातून कितीतरी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. गाडी घरी लावून जाणार असाल तर बॅटरी पूर्ण चार्ज करा, काढून सावलीत कोरड्या जागी ठेवा, आणि महिन्याकाठी एकदा चार्जिंगला लावायला घरच्या कोणाला तरी सांगून जा. घरी माणूस असेल तर दर पंधरवड्याला अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवावी. जागेवर दोन मिनिटे रेस देऊन बंद करण्यात फायदा नाही. बटणाने जेवढे खाल्ले तेवढेही परत भरत नाही.

हाच नियम पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपाला. सोयाबीनच्या शेवटच्या फवारणीनंतर पंप कोपऱ्यात जातो तो थेट पुढच्या पावसाळ्यात निघतो, आणि मग "कंपनीने फसवले" अशी ओरड होते. त्यात शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर तीही महिन्याला एकदा भरून ठेवा.

झटका मशीनचे म्हणाल तर तिला तिची स्वतंत्र बॅटरीच हवी. गाडीच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. दोन-तीन सेकंद जोराचा रेटा द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचे, एवढ्याच कामासाठी ती बनवलेली असते. लहान गाडीची बॅटरी चार अँपिअर-तासांची धरा. मशीन पाव अँपिअर जरी ओढत असली तरी सोळा तासांत, म्हणजे दोन रात्रींत, बॅटरी पार रिकामी. (आणि बॅटरी नाही म्हणून कोणी तारेत थेट मेनची वीज सोडत असेल तर ते बेकायदा आहे. त्यात डुकराआधी माणूस मरतो.)

आपल्या भागात बॅटरीचा दुसरा वैरी म्हणजे ऊन. नांदेड-लातूरला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. गाडी लिंबाखाली लावा, निदान आखाड्याच्या सावलीच्या बाजूला लावा.

पाण्याची बॅटरी आणि बंद बॅटरी

तुमची बॅटरी कोणत्या जातीची आहे ते पाहा. वर सहा बुचे आणि अंगावर दोन रेघा असतील तर ती पाण्याची. महिन्याला एकदा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पातळी पाहा. पाणी दोन रेघांच्या मध्ये असावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. उडते ते पाणी, आम्ल उडत नाही. म्हणून वरून ॲसिड कधीही घालू नका. बोअरचे पाणी तर मुळीच नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळाने आपल्याला किती खोल जायला लावले ते आठवते ना? जितके खोल पाणी, तितके बहुधा क्षार जास्त. पातेल्याला जो पांढरा थर बसतो त्यातलेच क्षार बॅटरीत गेले की पट्ट्या खराब करतात. फिल्टरचे गार पाणीही चालत नाही. बॅटरीची हवेची नळी कुठे दाबली गेली नाही ना, आणि तिचे तोंड चेनवर येत नाही ना, तेही पाहून घ्या.

बुचे नसतील तर ती बंद बॅटरी. तिला पाणी लागत नाही. खिळ्याने झाकण उचकटून पाणी घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या दिवशी बॅटरी गेलीच समजा.

पातळी पाहताना जवळ बिडी-काडी नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो भडकतो. अंधारात काडी ओढून पाणी पाहणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी फुटू शकते. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा. डोळ्यात गेले तर असेच धूत राहून लगेच दवाखाना गाठा.

गाडी बोलत नाही तेव्हा

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, तर लगेच नवी बॅटरी आणायला पळू नका. आधी हॉर्न वाजवा. हॉर्न नाही, लाईट नाही, सगळेच मेलेले असेल तर बहुधा फ्यूज उडालेला किंवा टर्मिनल ढिले असते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा गंज चढला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासा, कोरडे करा, घट्ट कसा आणि वरून व्हॅसलिन लावा. तारा काढताना आधी काळी, म्हणजे उणे, आणि लावताना शेवटी काळी. उलटे केले आणि पान्हा गाडीच्या लोखंडाला टेकला तर ठिणगी पडते. लाईट येतो पण बटण दाबताच मंद होऊन टक-टक होते, तर बॅटरी उतरली आहे. लाईट लख्ख, हॉर्न दणदणीत आणि तरी बटण चालत नाही, तर दोष बॅटरीत नाही. क्लच दाबून, साइड स्टँड वर करून पाहा, मग मेकॅनिककडे जा.

किकची जुनी गाडी किकने किंवा धक्क्याने बहुधा चालू होते. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला, वेग आला की क्लच सोडा. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस.-६ गाड्यांपैकी बहुतेकांत पेट्रोल विजेच्या पंपाने इंजिनात जाते. बॅटरी पार मेली तर तो पंपच फिरत नाही, मग धक्का मारून दमण्यात अर्थ नाही. लोह्याच्या त्या रात्री हेच झाले.

अशा वेळी दुसरी १२ व्होल्टची बॅटरी जोडता येते. ट्रॅक्टरचीही चालते, पण ट्रॅक्टर बंद असला पाहिजे. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीशी मात्र जोडू नका. तारा जाड हव्यात. आधी लाल तार उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. गाडी चालू झाली की उलट्या क्रमाने तारा काढा. आणि चालू गाडीची स्वतःची बॅटरी कधीही सोडवू नका. रेग्युलेटर आणि आतला मेंदू जळतो, खर्च बॅटरीच्या कितीतरी पट.

चार्जिंगच्या दुकानात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. तिथे ट्रॅक्टर-ट्रकच्या बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या असतात, आणि त्याच ओळीच्या शेपटाला आपली लहान बॅटरी लावतात. मोठ्या बॅटरीला सात-आठ अँपिअर पचतात, आपल्या चार अँपिअर-तासाच्या बॅटरीला ०.४ अँपिअर पुरे, म्हणजे क्षमतेचा दहावा हिस्सा. दहा-बारा तास सावकाश चार्ज झाली पाहिजे. "तासाभरात देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा.

चार्ज केल्यावर रात्रभर तशीच ठेवून सकाळी मीटर लावा. साधा मीटर गावात दोघा-तिघांनी मिळून घेतला तरी पुष्कळ. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी चांगली, १२ च्या खाली गेली तर दुबळी. १०.५ दाखवले तर सहांतला एक खण मेला, कारण २.१ पाचदा घेतले की १०.५ होतात. अशा बॅटरीवर आणखी पैसे घालू नका. बॅटरी चांगली असून वारंवार उतरत असेल तर इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन मोजा. १३.५ ते १४.५ यायला हवेत. १२ वरच अडले तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेले तर रेक्टिफायर बिघडला आहे, तो बदलल्याशिवाय नवी बॅटरी घातली तर तीही आटवून टाकील.

नवी घेताना त्याच क्षमतेची घ्या, बनावटीची तारीख पाहा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. जुनी भंगारवाल्याला देऊ नका, अंगणात फोडू तर मुळीच नका. शिसे लेकरांच्या मेंदूला अपाय करते आणि सांडलेले आम्ल जमिनीत जाते. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदार जुनीचे पैसे वळते करून घेतो, फक्त भाव ठरवण्याआधी जुनी सोबत आणली आहे हे सांगा.