बिल्ड अडकला म्हणजे लॅपटॉप कुचकामी?

ओपन सोर्समध्ये शिरू पाहणारी कितीतरी हुशार मुलं कोडची एक ओळही न लिहिता माघारी फिरतात. कारण विचारलं तर सांगतात, ‘बिल्डच होत नव्हता. तासन्‌तास चालायचा आणि शेवटी एरर. माझा लॅपटॉपच तेवढ्या ताकदीचा नाही.’ यातला शेवटचा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. काही पक्के गैरसमज आणि कालबाह्य झालेल्या मार्गदर्शिका मिळून या मुलांची वाट अडवतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाचं उदाहरण घेऊ. क्लँग हा कंपायलर याच प्रकल्पाचा भाग आहे, आणि रस्ट, स्विफ्ट या भाषाही मशीन कोड तयार करण्यासाठी त्याच्यावर अवलंबून आहेत. कंपायलरची गोडी लागलेला विद्यार्थी आज ना उद्या इथे येतोच.

‘जितकी कामं एकाच वेळी, तितका बिल्ड वेगवान’

हे अर्धंच खरं आहे. बिल्डचा मोठा भाग म्हणजे हजारो सी++ फाइली कंपाइल करणं. ही कामं बरीचशी एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे ती सगळ्या कोअरवर वाटता येतात. ‘मेक’ हे साधन मुळात एका वेळी एकच काम करतं. जास्त हवी असतील तर आकडा आपण द्यावा लागतो. ‘निंजा’ मात्र काही न सांगता कोअरच्या संख्येपेक्षा दोन जास्त कामं सुरू करतं, म्हणजे आठ कोअर असतील तर दहा. कंपाइल चालू आहे तोवर हे ठीक असतं. खरी अडचण लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवताना, येते. एलएलव्हीएमच्या डीबग बिल्डमध्ये एकेका लिंकला काही जीबी रॅम लागू शकते, आणि अशा पाच-सहा लिंक एकदम सुरू झाल्या की 8 किंवा 16 जीबीचा लॅपटॉप गुडघे टेकतो.

पडद्यावर हे ओळखू येतं. टर्मिनलमध्ये चौकटी कंसातला आकडा भराभर पुढे सरकत असतो, शेवटाजवळ येतो आणि तिथेच थिजतो. माउस अडखळू लागतो, डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. रॅम संपून स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी डिस्कचा वापर, सुरू झालेलं असतं. बऱ्याच वेळाने ओळ उमटते, की लिंकर ‘सिग्नल 9’ने मारला गेला. विद्यार्थी ही ओळ वाचतो आणि कोडमध्ये चूक शोधत बसतो. पण कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं. मेमरी उरली नाही म्हणून लिनक्स कर्नेलनेच ती प्रक्रिया बंद केलेली असते. कर्नेलचा लॉग उघडला तर ‘आउट ऑफ मेमरी’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

उपाय नवा लॅपटॉप हा नाही. एलएलव्हीएममध्ये एका वेळी किती लिंक चालाव्यात हे सांगण्याची वेगळी सोय आहे. तो आकडा एक ठेवा. डीबगऐवजी रिलीज बिल्ड करा, आणि विकासाचं काम असेल तर त्यात असर्शन (कोडमधल्या अंतर्गत तपासण्या) चालू ठेवा. प्रकल्पाच्याच कागदपत्रांनुसार डीबग बिल्डला 15 ते 20 जीबी डिस्क लागते, रिलीजला त्याहून खूपच कमी. आर्म, पॉवरपीसी, मिप्स अशा सगळ्या प्रोसेसरांसाठी कोड बनवणारे भाग आपोआप बिल्डमध्ये येतात. तुम्हाला फक्त तुमच्या मशीनचा हवा असेल तर तेवढंच सांगा. आणि जीएनयूच्या जुन्या लिंकरऐवजी एलएलव्हीएमचाच ‘एलएलडी’ वापरा.

यातलं काहीही करण्याआधी मात्र पाहायचं, की नेमकं काय भरलंय : प्रोसेसर, रॅम की डिस्क. त्यासाठी ‘एचटॉप’ पुरतं. निंजा प्रत्येक कामाच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतं. क्लँगमध्ये 2019 पासून एक पर्याय आहे, तो एकेका फाइलचा वेळ कुठे गेला याचा तक्ताच काढून देतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल 2 वापरणाऱ्यांनी सोर्स कोड सी ड्राइव्हवर ठेवू नये, लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये ठेवावा. मायक्रोसॉफ्टचीही तीच शिफारस आहे, आणि एवढ्या एका बदलाने फरक जाणवतो.

कधी कधी मंदपणा मशीनमध्ये नसतोच, कोडमध्ये असतो. जानेवारी 2022 मध्ये कर्नेल डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी लिनक्स कर्नेलच्या हेडर फाइलींचा गुंता सोडवणारे सुमारे 2,300 बदल मांडले. एक हेडर दुसऱ्याला ओढतं, दुसरं तिसऱ्याला. हा गुंता सुटला तर कर्नेलचा बिल्ड 50 ते 80 टक्के वेगवान होतो, असं त्यांनी दाखवलं. तुमच्या हार्डवेअरचा इथे काही दोष नव्हता.

‘एरर आली की सगळं पुसून पुन्हा सुरू’

‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ बरोबर असलेला प्रोग्राम तपासण्यात वाया गेली होती. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच केली नव्हती. जे बदललं तेवढंच पुन्हा बनवायचं, हा या साधनाचा पाया आहे. प्रत्येक एररला ‘क्लीन’ करणं म्हणजे आपल्या हाताने हा फायदा फेकून देणं. सेटिंग्ज किंवा कंपायलर बदलला असेल तर क्लीन योग्य; टायपिंगच्या चुकीला नाही. वारंवार ब्रांच बदलत असाल तर आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरणारा ‘सीकॅश’ बसवा. पहिला बिल्ड त्याने वेगवान होत नाही, उलट किंचित मंदावतो. म्हणून पहिल्याच दिवशी ‘याचा उपयोग नाही’ म्हणून तो काढून टाकू नका.

‘मार्गदर्शिकेत लिहिलंय म्हणजे बरोबरच’

मला सगळ्यात घातक वाटतो तो हा गैरसमज. एलएलव्हीएमच्या जुन्या मार्गदर्शिका सबव्हर्जनमधून कोड उतरवायला सांगतात, आणि क्लँग एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवून ‘कॉन्फिगर’ चालवायला लावतात. ती कॉन्फिगरची पद्धत 2016 मध्ये 3.9 आवृत्तीत काढून टाकली गेली. ऑक्टोबर 2019 मध्ये सगळा कोड गिटहबवर एकाच रेपॉझिटरीत आला. तरीही ती पानं शोधात वर येतात, कारण वर्षानुवर्षं लोकांनी त्यांचे दुवे दिलेले आहेत.

प्रकल्प तोच राहिला तरी भोवतालची व्यवस्था बदलते. गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामांसाठी पासवर्ड स्वीकारणं बंद केलं, आणि 15 मार्च 2022 पासून ‘गिट’ने सुरू होणारे विनाएन्क्रिप्शन पत्तेही. डेबियन 12 मध्ये ‘पिप’ला सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पॅकेज बसवू दिलं जात नाही. जुन्या सूचना जशाच्या तशा पाळणाऱ्याला या तिन्ही ठिकाणी एरर येते, आणि त्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

यापुढे आणखी एक खड्डा आहे. पिपची ती एरर इंटरनेटवर शोधली की कुणीतरी ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय जोडायला सांगतं. एरर जाते, पण ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची साधनंही त्याच पायथनवर चालतात आणि ती बिघडू शकतात. बरोबर वाट म्हणजे प्रकल्पासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट.

मग विश्वास कशावर ठेवायचा? पहिलं, सोर्स कोडसोबत येणाऱ्या कागदपत्रांवर. ती फाइल शेवटची कधी बदलली हे गिटच्या इतिहासात दिसतं. दुसरं, सीआयच्या (कंटिन्युअस इंटिग्रेशन) फाइलीवर. नवा बदल तपासताना प्रकल्पाचे सर्व्हर याच फाइलीतल्या आज्ञा चालवून सॉफ्टवेअर बांधतात. कोणती पॅकेजेस, कंपायलरची कोणती आवृत्ती, कोणते पर्याय, सगळं तिथे असतं. ती चुकीची झाली तर बिल्ड मोडतो आणि कुणाला तरी दुरुस्त करावीच लागते. मार्गदर्शिका मोडली तर कुणालाच कळत नाही.

आणि सगळंच कंपाइल करावं लागतं असंही नाही. फायरफॉक्सच्या दर्शनी भागावर काम करायचं असेल तर ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ची सोय आहे : सी++ आणि रस्टचा तयार भाग उतरवला जातो, आणि तुम्ही फक्त जावास्क्रिप्ट आणि सीएसएस बदलता.

मार्गदर्शिकेतली जी पायरी तुमच्याकडे चालली नाही, ती चालल्यावर दुरुस्ती नक्की पाठवा. ऑपरेटिंग सिस्टिम, रॅम आणि कंपायलरची आवृत्तीही लिहा. जुन्या सदस्यांच्या मशीनवर सगळं केव्हाच बसवलेलं असतं; ही चूक नवख्यालाच दिसते. ‘कागदपत्रं सुधारणं म्हणजे काय योगदान?’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तुमच्यानंतर येणारा माघारी फिरणार की आत शिरणार, हे त्या दोन ओळींवर ठरू शकतं.