अधिकाराचा प्रश्न : पौल, पंडिता रमाबाई आणि विश्वासाने मिळणारे नीतिमत्त्व

भुसावळहून वरणगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर दीपनगरची वीजकेंद्राची वसाहत लागते आणि तसेच पूर्वेला गेले की मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, येते. ज्या तापीकाठी मुक्ताबाई गुप्त झाल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, त्या मुलखात बसून ‘विश्वासाने सर्वांना नीतिमत्त्व’ या ख्रिस्ती सिद्धान्ताचा विचार करू जाणाऱ्यास पहिला आक्षेप घरातूनच ऐकू येतो : स्त्रीशूद्रांना भगवंताच्या दारी मज्जाव नाही हे आमच्या संतांनी सांगितलेलेच आहे, मग प्रेषित पौलाची साक्ष काढण्याचे प्रयोजन काय?

आक्षेप रास्त आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर, तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे सांगत. आणि 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात नावाजलेले धरणगावचे त्र्यंबक ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे टिळकांच्या नगरच्या घरी राहिले ते हिंदू म्हणूनच. परंतु सेतू सर्वांच्याच वाट्यास येतो असे नाही, आणि पंडिता रमाबाईंच्या वाट्यास तो आला नाही.

मूळ सिद्धान्त रोमकरांस पाठविलेल्या पौलाच्या पत्रातला, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेला. देवापुढे मनुष्य निर्दोष ठरतो तो नियमशास्त्राच्या आचरणाने नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने, आणि सर्वांनीच पाप केलेले असल्यामुळे यहुदी व परराष्ट्रीय असा भेद तेथे उरत नाही, हा त्याचा मथितार्थ. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हा मुद्दा उचलला तो आपल्या व्याकुळ अंतःकरणाच्या शांतीसाठी. ‘मी पापी, मला क्षमा कशी मिळेल?’ हा त्याचा सवाल. त्यावरून कॅथलिक व लूथरन यांच्यात जो कज्जा सुरू झाला, त्याच्या मुख्य कलमांवर उभयतांची संयुक्त घोषणा ऑग्सबर्ग येथे व्हावयास 1999 साल उजाडले. पौलाची पंचाईत मात्र निराळी होती. देवाच्या करारात कोणाला दाखल करून घ्यावयाचे आणि कोणत्या सनदेवर, हा त्याच्यापुढचा मामला होता. आणि माझ्या मते या बाबतीत ल्यूथरपेक्षा रमाबाई पौलाच्या अधिक निकट आहेत.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, ही गोष्ट त्या काळच्या शास्त्रीमंडळींना मानवण्यासारखी नव्हती. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थाटन करीत, पुराणे सांगत, व्रते आणि दानधर्म करीत हिंडले, आणि दक्षिणेतील दुष्काळाच्या काळात आईवडील व थोरली बहीण अन्नान्न दशेत गेली. म्हणजे कर्माचरणाने काय पदरी पडते याचा हिशेब रमाबाईंनी ग्रंथांत वाचण्यापूर्वीच घेतला होता. पुढे कलकत्त्यास स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रे चाळताना त्यांच्या असे ध्यानात आले की, इतर अनेक बाबतींत परस्परांशी भांडणारे हे ग्रंथ या बाबतीत एकमत आहेत : स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, पुरुषासारखी मोक्षाची अधिकारी नव्हे.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. फुलहॅम येथे ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या, योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण प्रकरण तेथे मिटले नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी 1907 च्या आत्मनिवेदनात दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना, पात्रता मिळविण्याची खटपट सोडून जसे आहोत तसे देवाच्या स्वाधीन व्हावे हे त्यांना उमगले. वाँटेजच्या भगिनींशी तत्पूर्वी त्यांनी पत्रोपत्री जे वाद घातले त्यांवरून दिसते, की ही बाई धर्मगुरूंची मुखत्यारीही मुकाट्याने मान्य करणारी नव्हती.

आपल्या खानदेशात हाच उपदेश विसाव्या शतकाच्या आरंभाच्या आगेमागे आला. भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या, आणि पश्चिमेला नंदुरबार-नवापूरच्या भिल्ल मुलखात स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांकडून. ज्यांना कोणत्याच शास्त्राने अधिकारी मानले नव्हते, त्या भिल्लांना ल्यूथरची व्याकुळता समजावून सांगावी लागली असेल. पौलाचा सवाल समजण्यास फारसे सायास पडले नसावेत. तथापि बाप्तिस्म्याबरोबर जात गळून पडते हा समज भाबडा आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत जातीची आठवण लग्न जुळविताना हटकून जागी होते, आणि तेथे पौलाचा दाखला कोणी काढीत नाही.

म्हणूनच रमाबाईंच्या सिद्धान्तापेक्षा त्यांची वहिवाट मला अधिक बोलकी वाटते. 1889 साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांचे सोवळे-ओवळे सांभाळण्याची मुभा होती; 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या शेकडो निराश्रित मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्ती सदनात आल्या, तेव्हा मात्र नाना जातींच्या मुली एकत्र राहू-जेवू लागल्या. तेथल्या छापखान्यातही मुलीच राबत. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत रमाबाईंनी समग्र बायबल उतरविले. त्या 1922 च्या एप्रिलात निवर्तल्या. ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.