नकाशावरचे अक्षर केवढे असावे?

नवी मुंबईत पाम बीच रस्त्यालगत करावे हे गाव आहे. तिथे एका घराचे बांधकाम चालू असताना मी सहज डोकावलो. भिंतीला टेकवलेल्या प्लायवूडवर नकाशा डकवला होता. मुकादमाने विचारले, ‘‘साहेब, खिडकीचं माप साडेतेराशे की साडेअठराशे?’’ आकडे इंग्रजी पद्धतीचे होते. बारीक छपाईत त्यातले तीन आणि आठ सारखेच दिसत होते. फरक मात्र अर्ध्या मीटरचा!

चौकशी केल्यावर कळले, की नकाशा ‘ए१’ आकाराच्या कागदासाठी काढलेला होता. हाताळायला सोपे म्हणून त्याची ‘ए३’वर झेरॉक्स काढली होती. यात लांबी-रुंदी निम्मी होते आणि अक्षरेही निम्मी होतात. २.५ मिलिमीटरचा आकडा १.२५ मिलिमीटरचा झाला होता.

मग पट्टीने मोजून घ्यायला काय हरकत आहे? इथेच खरी मेख आहे. मूळ नकाशाचे प्रमाण १:१०० असेल, तर ४ मीटरची भिंत कागदावर ४ सेंटिमीटर दिसते. झेरॉक्सवर ती २ सेंटिमीटर उरते, पण कोपऱ्यात प्रमाण १:१०० असेच छापलेले राहते. पट्टी लावणारा भिंत २ मीटरची समजेल! कागद लहान झाला की प्रमाण खोटे ठरते आणि लिहिलेला आकडा हाच एक आधार उरतो. म्हणून तो वाचता आलाच पाहिजे.

किती मोठा असला म्हणजे वाचता येईल? डोळ्यांच्या तपासणीत ६/६ दृष्टी म्हणजे ५ कला, म्हणजेच एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा, कोन करणारे अक्षर ओळखता येणे. १ मीटर अंतरावर हा कोन सुमारे दीड मिलिमीटर उंचीचे अक्षर करते. म्हणजे २.५ मिलिमीटरचे अक्षर फार तर १.७ मीटरवरून ओळखता येईल आणि १.२५ मिलिमीटरचे ८६ सेंटिमीटरवरून. तेही स्वच्छ उजेडात, ठळक छपाई असेल तर. धूळ, घाम आणि चाळिशी लागलेले डोळे यांचा हिशेब यात धरलेला नाही.

आता संगणकाकडे वळू. इमारतीच्या आराखड्याच्या प्रणालीत भिंत खऱ्या मापाने, ४ मीटरचीच काढतात. छापताना ती प्रमाणानुसार लहान होते. पण अक्षराला खऱ्या जगात माप नसते, ते कागदावरचे असते. त्यामुळे पूर्वी उलटे गणित करावे लागे. १:१०० प्रमाणात कागदावर २.५ मिलिमीटर हवे, तर आराखड्यात अक्षर २५० मिलिमीटर उंच लिहायचे. तोच आराखडा १:२०० ने छापला, की अक्षर पुन्हा १.२५ मिलिमीटर! ऑटोकॅडच्या २००८ आवृत्तीपासून अक्षराची कागदावरची उंची ठरवून देता येते. नकाशाचे प्रमाण निवडले की उरलेला गुणाकार प्रणाली करते. रेव्हिटमध्येही अक्षराची उंची कागदावरचीच देतात.

तेव्हा ‘ए३’ हवा असेल, तर मोठ्या कागदाची झेरॉक्स काढू नये. प्रणालीतच प्रमाण १:२०० करून नवा नकाशा छापावा. अक्षर २.५ मिलिमीटरच राहील आणि कोपऱ्यातले प्रमाणही खरे असेल. खोल्या मात्र निम्म्या झाल्याने अक्षरांची दाटी होईल. ती हाताने सरकवून मोकळी करावी लागेल. हे काम संगणक आपल्यासाठी पूर्णपणे करत नाही.

झेरॉक्स अटळच असेल, तर आधीच तजवीज करावी. तांत्रिक रेखनात अक्षरांच्या प्रमाणित उंची १.८, २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर अशा चढत जातात. प्रत्येक उंची आधीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी पट आहे. ‘ए’ मालिकेतल्या लागोपाठच्या कागदांच्या बाजूंचे गुणोत्तरही हेच! म्हणून ‘ए१’वरचे ३.५ चे अक्षर ‘ए२’वर २.५ चे होते. ‘ए३’वर २.५ हवे असेल, तर ‘ए१’वर ५ चे लिहावे.

वर्गात हे करून पाहा. एका कागदावर ५ मिलिमीटर उंचीचे दहा आकडे लिहा. त्याची ७१ टक्के आणि ५० टक्के झेरॉक्स काढा. तिन्ही कागद भिंतीवर लावून विद्यार्थ्यांना मागे मागे जायला सांगा. वाचता येईनासे झाले, की अंतर मोजा आणि अक्षराची उंची व अंतर यांचा आलेख काढा. आलेख जवळपास सरळ रेषेत येतो का? कोणते दोन आकडे आधी चुकतात?