नुसतं ‘शाब्बास’ नको!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी नुकतीच पहिलीत गेली होती. संध्याकाळी तिचं दप्तर आवरताना बघते तर काय, नव्या कोऱ्या पेटीतले हिरवा आणि निळा खडू गायब! विचारलं तर म्हणाली, "शेजारच्या मुलीकडे नव्हते ना. तिला झाड काढायचं होतं. दिले."

झालं! माझा पारा चढला. "बाबांनी काय खडूंचं दुकान काढलंय? पुन्हा असं केलंस तर बघ. आपलं आपण बघायचं!" बिचारी मान खाली घालून निघून गेली आणि मी कामाच्या रगाड्यात ते विसरूनही गेले.

पंधरा दिवसांनी शाळेतून आल्यावर ती सांगत होती, वर्गातल्या एका मुलाचा डबा सांडला, तो खूप रडला. मी सहज विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काही नाही. तूच म्हणालीस ना, आपलं आपण बघायचं."

मैत्रिणींनो, कणीक मळता मळता माझे हात थांबले. पोरीनं माझं ऐकलं होतं, अगदी शब्दन्‌ शब्द! आणि मला मात्र त्या क्षणी वाटलं, हिनं ऐकलं नसतं तर किती बरं झालं असतं.

मग विचार करत बसले. आपण मुलांचं कौतुक करतो ते कशाचं? पैकीच्या पैकी मार्क पडले, पाहुण्यांसमोर कविता घडाघडा म्हटली, स्पर्धेत नंबर आला. पण धाकट्या भावाला झोप लागली म्हणून टीव्हीचा आवाज कमी केला, आजीचा चष्मा शोधून दिला, याचं कौतुक कोण करतं? ते आपल्या लक्षातही येत नाही. आणि आलंच, तर कधीकधी माझ्यासारखी आई उलट रागावते!

आपल्या आईच्या पिढीत मुलांचं तोंडावर कौतुक करायची पद्धतच नव्हती. ‘डोक्यावर बसतील’ ही एक भीती आणि ‘दृष्ट लागेल’ ही दुसरी. आता आपण दुसऱ्या टोकाला गेलोय. मुलानं चार रेघा ओढल्या की "वॉव! किती हुशार!" पण ‘हुशार’ म्हणजे नेमकं काय केलं, हे त्या लेकराला कुठे कळतं?

या ‘हुशार’ शब्दावर अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी केलेले प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाले. पाचवीतल्या मुलांना त्यांनी आधी कोडी सोडवायला दिली. मग काहींना सांगितलं, ‘तुम्ही हुशार आहात’, तर काहींना, ‘तुम्ही मेहनत घेतलीत’. त्यानंतर अवघड कोडी दिली. ती सुटेनात, तेव्हा ‘हुशार’ ठरवलेल्या मुलांचा उत्साह जास्त ओसरला. पुढची कोडी त्यांना आधीपेक्षाही कमी जमली. आपलं ‘हुशार’पण जाईल की काय, ही धास्ती! एका वाक्यानं मूल बदलतं असं मात्र मुळीच नाही. या विषयावर पुढे झालेल्या काही अभ्यासांत परिणाम बेताचाच दिसला. पण शब्द जपून वापरावेत, एवढं तरी आपण घेऊ शकतो.

चांगुलपणाला बक्षीस लावावं का? जर्मनीत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. पडलेली वस्तू उचलून दिल्यावर काही बाळांना खेळायला छोटी वस्तू मिळायची, काहींचं नुसतं तोंडी कौतुक व्हायचं, तर काहींना काहीच मिळत नव्हतं. नंतर मदतीची वेळ आली, तेव्हा वस्तू मिळालेली बाळंच सर्वांत कमी धावली! तेव्हा ‘ताईला मदत केलीस तर चॉकलेट देईन’ हा सौदा नकोच. मदत करण्यातला आनंद मुलाच्या पोटात आधीपासूनच असतो. तो आपण फक्त ओळखायचा आणि शब्दांत सांगायचा.

आता सांगते, आमच्या घरी आम्ही काय काय सुरू केलं ते. पैसे लागत नाहीत, वेगळा वेळही लागत नाही.

ठळक बातम्या
रात्री जेवणं झाली की भाताचा डाव हा माइक! रोज एक जण निवेदक. "नमस्कार, आजच्या ठळक बातम्या..." नियम दोनच. बातमी स्वतःची नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी द्यायची. आणि ‘दादा चांगला आहे’ असं म्हणायचं नाही, डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं. "दादानं आजीला जिना उतरताना हात दिला." बातमीत आपलं नाव आलं की आमचे आजोबासुद्धा खुलतात हो!

कशावरून?
हा खेळ विचार करण्याच्या कौतुकाचा. भाकरी टम्म फुगली की विचारायचं, "का बरं फुगली असेल?" धाकटी म्हणाली, "आत वारा शिरला." मी म्हटलं, "कशावरून?" मग तिला आठवलं, कालच्या भाकरीला भोक पडलं होतं, ती फुगली नाही. "अरे वा! कालची भाकरी आठवून तू आजचं उत्तर शोधलंस!" बस, हेच कौतुक. पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रा वर उचलते, हे नंतर सांगितलंच. उत्तर चुकलं तरी चालेल, विचार केला ना? त्याची दाद द्यायची.

चिंचोक्यांचा डबा
बिस्किटांचा रिकामा डबा आणि मूठभर चिंचोके घ्यायचे. कुणी काही छान केलेलं दिसलं की काय दिसलं ते बोलून एक चिंचोका आत टाकायचा. रविवारी डबा उघडून सगळ्यांनी एकेक आठवण सांगायची. मात्र कुणाचे किती हे मोजायचं नाही आणि डबा भरला म्हणून खाऊ नाही. नाहीतर पुन्हा आलाच सौदा! मूल फारच लहान असेल, तर ते चिंचोके तोंडात, नाकात घालणार नाही ना, याकडे मात्र लक्ष हवं.

खेळासाठी बाजारातलंच काही लागतं असं थोडंच आहे? 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. तिथे आजूबाजूला मिळणाऱ्या साध्या वस्तूच मुलांची साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, म्हणून अंगणवाडी आली. मग आपलं स्वयंपाकघर काय कमी आहे?

कानावर पडणारं कौतुक
आजीला फोन लावायचा आणि मूल जवळ खेळत असताना सांगायचं, "आज हिनं पाणी पिऊन झाल्यावर कुंडीलाही घातलं बरं का." आपल्याबद्दल चांगलं बोललं जातंय, हे ऐकताना त्या चेहऱ्याकडे बघाच एकदा.

दोन गोष्टी मात्र टाळा. "बघ, ताई कशी शहाणी आहे!" असं म्हणू नका. त्यात ताईचं कौतुक कमी आणि धाकटीला टोमणा जास्त. आणि मुलाला आपली लाडकी बाहुली कुणाला द्यायची नसेल, तर नको म्हणायचा हक्क त्यालाही असू द्या. जबरदस्तीनं दिलेल्यात माया कुठली?

आणि त्या खडूंचं काय झालं? त्याच रात्री लेकीला जवळ घेतलं. म्हटलं, "तिचं झाड अडलंय हे तुझ्या लक्षात आलं आणि तू खडू दिलेस. छान केलंस. मी उगाच रागावले, माझं चुकलं." पण दर महिन्याला नवी पेटी परवडत नाही, हेही खरंच. मग दोघींनी मिळून घरातले खडूंचे तुकडे शोधले आणि एका डबीत भरले. ती डबी आता दप्तरात असते. नाव ठेवलंय ‘द्यायचे खडू’.

दुसऱ्या दिवशी डाव हातात घेऊन धाकटीनं बातमी दिली, "आईची चूक झाली आणि तिनं ती स्वतः सांगितली."

खरं सांगू? इतकं छान कौतुक माझं कित्येक वर्षांत कुणी केलं नव्हतं. तुमच्याही घरी आज रात्री डाव घासून तयार ठेवा. बघा तर, कोणाची बातमी येते ती!