बॅलेरिना, बस्ता आणि महायुद्ध

ऑफिसच्या डेस्कखाली पडून असलेले तुमचे ते फ्लॅट शूज आठवा. त्यांचं कनेक्शन थेट दुसऱ्या महायुद्धाशी आहे! आणि त्याच युद्धातल्या नाचाच्या पोशाखांचा एक धागा सापडतो चक्क आपल्या कोल्हापुरात...

लग्नाचा बस्ता म्हटलं, की आमच्या आजऱ्याकडच्या मंडळींच्या तोंडी हमखास एक नाव येतं : गांधीनगर. कोल्हापूरला खेटून असलेलं कपड्यांचं होलसेल मार्केट. चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि बस्त्यासाठी मीही पुण्याहून सुट्टी टाकून आजऱ्याला पोचले. सकाळी सातला गाडी निघाली. आत्या, काकू, नवरी, मी आणि ८८ वर्षांची आज्जी. आज्जीशिवाय आमच्याकडे बस्ता होत नाही.

गाडीत बसल्या बसल्या आज्जीची नजर माझ्या पायांकडे गेली. काळे, चपटे, पुढे छोटासा बो असलेले माझे लाडके शूज.

"ह्ये काय गं पायात? चप्पल म्हणायची का मोजा?"

"आज्जी, याला बॅलेरिना म्हणतात. बॅले म्हणून परदेशात एक नाच असतो. त्यातल्या बायका असले शूज घालतात."

"मग आता गांधीनगरात नाचनार हाईस व्हय?"

गाडीत हशा! पण खरी गंमत मी तिला पुढे सांगितली. नाचणाऱ्या बायकांच्या पायातली ही चप्पल रस्त्यावर आली, ऑफिसात आली, तुमच्या-माझ्या पायात आली, त्याला कारण होतं युद्ध.

रेशनमधून सुटलेली चप्पल

साल १९४३. अमेरिका युद्धात पुरती उतरली होती. सैनिकांच्या बुटांना चामडं हवं होतं, म्हणून फेब्रुवारीत सरकारने बुटांवर रेशनिंग आणलं. माणशी वर्षाला साधारण तीन जोड. आपल्यापैकी काहीजणी तीन जोड एका सेलमध्ये उचलतात, तेव्हा कल्पना करा!

त्या काळात क्लेअर मॅकार्डेल नावाची एक डिझायनर न्यूयॉर्कमध्ये काम करत होती. साधे, सुटसुटीत, कामाला जाणाऱ्या बाईला झेपतील असे कपडे ही तिची खासियत. पण ड्रेस केला तरी त्याखाली घालायचं काय? तिच्या लक्षात आलं, की बॅलेच्या स्लिपर्स रेशनच्या यादीत नाहीत. नाचाचे बूट बनवणारी कपेझिओ कंपनी तिथेच होती. तिने त्यांच्याकडून त्याच स्लिपर्स जरा टणक सोल लावून करून घेतल्या आणि आपल्या कपड्यांबरोबर घालायला दिल्या. झालं! टंचाईतून एक ट्रेंड जन्माला आला.

युद्ध संपलं, चप्पल मात्र राहिली. १९५६ मध्ये पॅरिसच्या रोझ रेपेटोने ब्रिजिट बार्डोसाठी लाल बॅलेरिना बनवल्या आणि १९५७ च्या 'फनी फेस'मध्ये ऑड्री हेपबर्नने फ्लॅट्सना कायमचा क्लास मिळवून दिला. आज मीटिंगला जाताना आपण जे 'सिंपल अँड एलिगंट' म्हणून घालतो, त्याची सुरुवात 'दुसरं काही मिळत नाही' इथून झालीय.

पोशाख सोडा, जीव वाचवा!

ही झाली रस्त्यावरची फॅशन. स्टेजवर काय चाललं होतं?

बॅले म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो टुटू, म्हणजे जाळीच्या थरांवर थर देऊन केलेला ताठ, गोल झगा. एकेका टुटूला दहा-बारा थर आरामात लागतात. शिवाय वरती सॅटिन, लेस, टिकल्या. म्हणजे युद्धात जे जे मिळत नाही, नेमकं तेच सगळं!

मे १९४० मध्ये लंडनची सॅडलर्स वेल्स बॅले कंपनी हॉलंडच्या दौऱ्यावर होती. मार्गो फॉन्टेन तेव्हा जेमतेम विशीतली. दौरा चालू असतानाच जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. मंडळी कशीबशी जीव घेऊन इंग्लंडला परतली, पण सहा बॅलेंचे पोशाख, पडदे आणि संगीताची बाडं तिथेच राहिली. आपल्या नाटक कंपनीचा सगळा पेटारा एका रात्रीत गेला तर काय होईल, तसंच.

नवं शिवायचं तर कापड कुठे होतं? १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपडे कुपनांवर मिळायला लागले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. त्यात बाईच्या एका लोकरी ड्रेसला ११ आणि बुटांना ५ जायची. तरी प्रयोग थांबले नाहीत. युद्धाच्या वर्षांत डान्स हॉल बनलेलं लंडनचं कोव्हेंट गार्डन थिएटर २० फेब्रुवारी १९४६ ला पुन्हा उघडलं, ते याच कंपनीच्या 'स्लीपिंग ब्यूटी'ने. राजवाडा, परी, राजकन्या... सगळा थाट, आणि तोही रेशनिंग चालू असताना! तिथलं कपड्यांचं रेशनिंग संपायला पुढे १९४९ उजाडलं.

आणि ऑड्री हेपबर्न? ती युद्धात शाळकरी पोर होती, हॉलंडच्या आर्नेममध्ये बॅले शिकत होती. जर्मनांच्या ताब्यातल्या त्या देशात खिडक्या झाकून छोटे कार्यक्रम व्हायचे, जमलेले पैसे भूमिगतांच्या कामाला जायचे. ऑड्री त्यात नाचायची. शेवटी टाळ्या मात्र नाहीत, कारण आवाज बाहेर गेला तर सगळेच पकडले जाणार!

'कंट्रोल'चं कापड

हे सगळं ऐकून आज्जी म्हणाली, "आमच्यात बी कंट्रोल हुताच की."

युद्धाच्या गरजांमुळे आपल्याकडेही कापडाचे भाव भडकले होते. जून १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. तोच लोकांच्या तोंडचा 'कंट्रोल'. आज्जी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला आठवतं ते तिच्या आईचं लुगडं. नवं मिळेना, म्हणून दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग कापून मधे दंड घालून एक केलेलं.

"आणि उरलेल्या तुकड्यांचं?"

"मला परकर-पोलकं. लई मिरवलं त्यात म्या."

बघा! पिंटरेस्टवर आपण 'अपसायकलिंग' सर्च करतो ते हेच.

वळिवड्याचं पोलंड

पण मला तिला सांगायचं होतं ते पुढेच. आम्ही ज्या गांधीनगरला निघालो होतो, ती जागा युद्धात काय होती माहितीय? तिथे पोलंड होतं!

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने हल्ला केला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना १९४०-४१ मध्ये सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलं गेलं. पुढे सुटका झालेल्यांपैकी काहीजण इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. त्यांच्यासाठी कोल्हापूर संस्थानात पंचगंगेजवळ, वळिवड्याला १९४३ मध्ये छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट पथकं... एक आख्खं गावच.

या छावणीचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघताना मी एका गोष्टीपाशी थांबले. सणाच्या दिवशी मुली त्यांच्या पारंपरिक पोशाखात उभ्या! पोलंडमध्ये क्रॅको शहराकडचा वेश प्रसिद्ध आहे. फुलाफुलांचा घेरदार स्कर्ट, पुढे पांढरा एप्रन, टिकल्या आणि मण्यांनी भरलेली बिनबाह्यांची चोळी, गळ्यात लाल मण्यांच्या माळा, डोक्यावर फुलांचं कडं आणि मागे सोडलेल्या रंगीत रिबिनी. त्याच भागातला क्रॅकोव्हियाक हा नाच १८३९ मध्येच फॅनी एल्सलरने पॅरिसच्या बॅले स्टेजवर गाजवला होता. 'स्वान लेक'च्या तिसऱ्या अंकात नाचतात तो मझुर्काही पोलंडचाच. म्हणजे बॅलेच्या पोशाखांची ही एक थोरली बहीणच म्हणा ना.

पण हे कपडे त्या काळच्या कोल्हापुरात रेडिमेड कुठे मिळणार? ते शिवावेच लागणार. तेही अशा बायकांनी, ज्यांनी घर, जमीन, बऱ्याचदा नवरा आणि एखादं मूलही वाटेत गमावलं होतं. आधी मला वाटलं, अशा वेळी टिकल्या कसल्या सुचतात? मग उलटून विचार केला. ज्या मुलीला आपलं गाव नीट आठवतही नाही, तिला पोलंड म्हणजे काय हे कसं सांगायचं? नकाशा दाखवून? त्यापेक्षा तिला तो घेरदार स्कर्ट घालायचा आणि गिरकी घ्यायला लावायची. देश अंगावर चढवायचा!

१९४७-४८ च्या सुमारास ही मंडळी इथून गेली. बरीचशी मायदेशी नाही, तर ब्रिटन, आफ्रिका अशी जगभर पांगली. रिकाम्या झालेल्या त्याच छावणीत फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. त्यांनी कापडाचा धंदा उभा केला, आणि वस्तीचं झालं गांधीनगर. २०१९ मध्ये छावणीत वाढलेली काही पोलिश मंडळी म्हातारपणी पुन्हा वळिवड्याला येऊन गेली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे भेट दिली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना हा इतिहास पहिल्यांदाच कळला.

हे सांगेपर्यंत आम्ही गांधीनगरला पोचलो होतो. दुकानात गाद्यांवर साड्यांचा डोंगर झाला. काकूचं कॅल्क्युलेटर चालूच. 'एका दिवसासाठी एवढा खर्च कशाला', हे तिचं पाचव्यांदा म्हणून झालं. खरं सांगू? मलाही ते पटत होतं.

आज्जी मात्र एका हिरव्या साडीचा काठ अंगठा आणि बोटात चोळून बघत होती. मान वर न करताच म्हणाली, "कापडच न्हवतं, तवा बी नवरी नटत हुतीच की. आता हाय, तर नटू दे."

हिरवी साडी बस्त्यात गेली.

वॉर-टाइम फंडे, आजच्या वॉर्डरोबसाठी

* मेक डू अँड मेंड : १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने याच नावाची पुस्तिका काढली होती. असलेलं वापरा, फाटलं तर दुरुस्त करा. महिन्यातून एक रविवार सुई-दोऱ्यासाठी ठेवून बघा.
* दंड घाला : काठ चांगला पण मधे विरलेल्या दोन साड्या आहेत? गल्लीतल्या टेलरला दाखवा. मस्त कुर्ता किंवा दुपट्टा होतो.
* बॅलेरिना जपून : सोल पातळ असतो. ऑफिसात ठीक, पण दिवसभर मार्केट फिरायला नको. गांधीनगरात माझ्या टाचांनी हे मला चांगलंच शिकवलं!
* कोल्हापूरला गेलात तर : रंकाळा, तांबडा-पांढरा झाल्यावर थोडा वेळ महावीर उद्यानासाठी काढा. तिथे पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे.