तीन हातांचा रेणू

लाखेचे पॉलिश दिलेल्या जुन्या मेजावर स्पिरिटचा थेंब सांडला, की तेथील चकाकी मावळते आणि डाग उरतो. जंबुपार, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरणांनी घट्ट केलेला ॲक्रिलिक लेप ज्या फळीवर आहे, तिच्यावरून मात्र तोच थेंब टिपून घेता येतो. मागे खूण राहत नाही. दोन्ही लेप पातळ व चकचकीत असतात. भेद आहे तो रेणूंच्या बांधणीत.

ॲक्रिलिक रेझिने लहान रेणूंपासून तयार होतात. अशा सुट्या रेणूस ‘एकवारिक’ म्हणतात. सामान्य ॲक्रिलिक एकवारिकात कार्बनच्या दोन अणूंमध्ये क्रियाशील असा एक द्विबंध असतो. तो उलगडला, की रेणू शेजारच्या रेणूशी जोडला जातो आणि अशा असंख्य रेणूंची लांब साखळी बनते. या साखळ्या सुताच्या गुंत्याप्रमाणे नुसत्या अडकलेल्या असतात. म्हणून असे रेझीन उष्णतेने मऊ होते व योग्य विद्रावकात विरघळते.

हा गुंता कायमचा बांधता येतो काय? हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये सहकाऱ्यासमवेत दाखवून दिले, की स्टायरीनमध्ये दोन द्विबंधांचे डायव्हिनिल बेंझीन अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास तयार होणारा पदार्थ विद्रावकात विरघळत नाही. तो केवळ फुगतो. दोन द्विबंधांचा रेणू एकाच वेळी दोन साखळ्यांत गुंफला जातो व त्यांच्यामधील पूल बनतो. सुताचे जाळे झाले, की धागा सुटा निघत नाही, तसेच हे होय.

ट्रायमेथिलॉलप्रोपेन ट्रायॲक्रिलेट या द्रवाच्या रेणूस असे तीन हात असतात. लाकडावरील लेप, छपाईची शाई इत्यादींत तो वापरतात. दाट रेझीन त्याच्यामुळे पातळ होते; परंतु तो सामान्य विद्रावकाप्रमाणे हवेत उडून जात नाही. मिश्रणात प्रकाशाने क्रिया सुरू करणारे द्रव्य घातलेले असते. जंबुपार दिव्याखालून फळी सरकताच काही क्षणांत हा द्रव स्वतःच जाळ्याचा भाग बनतो.

येथे प्रमाणाला फार महत्त्व आहे. गाठी कमी पडल्या, तर लेप मऊ राहतो. त्या अति झाल्या, तर लेप आकसतो, ठिसूळ होतो व तडकतो. म्हणून एक किंवा दोन द्विबंधांची एकवारिके जोडीला घेतात. हवेतील प्राणवायूही पृष्ठभागावरील क्रियेत अडथळा आणतो. मग वरचा थर चिकट राहतो. तो टाळण्यासाठी काही ठिकाणी दिव्याखाली नायट्रोजन वायू सोडतात.

ज्या क्रियाशीलतेमुळे हा रेणू उपयोगी पडतो, तीच कामगाराला अपायकारक ठरते. न घट्टलेला द्रव त्वचेतील प्रथिनांशीही जोडला जातो. एकदा ॲलर्जी जडली, की पुढे अल्पशा स्पर्शानेही खाज व पुरळ उठते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तांत्रिक प्रतीच्या या द्रव्यास माणसात कर्करोग निर्माण करण्याचा संभव असलेल्या पदार्थांत गणले आहे. म्हणून योग्य जातीचे हातमोजे, खेळती हवा आणि लेप पूर्ण घट्ट झाल्याची खात्री या तिन्ही गोष्टी अगत्याच्या होत. मेजावरील टिकाऊ चकाकीसाठी ती तयार करणाऱ्याचे हात पोळता कामा नयेत.